शेंड्याची काडी

डोकं आपटलं नाही, हाच धक्का होता. कुंड्यांच्या खोलीचं दार बुटकं होतं. इतकं बुटकं की बांधणाऱ्याला स्वतःपेक्षा उंच माणूस कधी भेटलाच नसावा, असं ती नोकरीच्या पहिल्या दिवसापासून म्हणत आली होती. त्या दारातून जायची तिची एक पद्धत ठरून गेली होती. मान डावीकडे कलती, उजवा खांदा आधी, मग बाकीची ती. ज्या दिवशी विसरली त्या दिवशी चौकटीने तिला तिथल्या तिथे आठवण करून दिली होती, आणि कपाळावर टेंगूळ मिरवत तिने सूचिपर्णी झाडांवरची व्याख्यानं दिली होती. आज दोन्ही हातांत ओल्या मातीचं घमेलं होतं, डोक्यात दुसरंच काहीतरी घोळत होतं, आणि ती सरळ चालत बाहेर आली. चार पावलं पुढे गेल्यावर कळलं की आपण वाकलोच नाही. ती थांबली, घमेलं खाली ठेवून मागे गेली आणि दाराखाली उभी राहिली. टाचा टेकवल्या, पाठ ताणली. वरच्या चौकटीला केस लागले. नुसते केस, तेही विरळ झालेले. "दार उंच झालं की काय!" ती मोठ्याने म्हणाली, आणि स्वतःच्याच विनोदावर हसू आलं नाही म्हणून तिला राग आला. सकाळी स्वयंपाकघरात वरच्या फळीवरचा डबा बोटांना नुसता चाटून मागे सरकला होता, तेव्हा तिने फळीला शिव्या दिल्या होत्या. आता फळीची क्षमा मागायला हवी होती.

डोक्यात जे दुसरं घोळत होतं ते बाहेर काचघरात उभं होतं. अरोकेरियाच्या कुळातलं झाड. तिने बियापासून वाढवलेलं. या कुळाचं बी डाळीसारखं डब्यात भरून ठेवता येत नाही. ते ओलं असतं तोवर जिवंत, सुकलं की संपलं. दूरच्या एका बागेतून ओल्या शेवाळात गुंडाळून आलेल्या मूठभर बियांपैकी एकच रुजलं होतं, आणि त्या एकाने पुढे असं काही अंग धरलं की बघणाऱ्याने मान वर करून बघतच राहावं. सरळसोट बुंधा. एका पातळीवर फुटलेल्या फांद्यांचं वर्तुळ, मग मोकळी जागा, मग पुन्हा वर्तुळ, जिना चढावा तसं. आणि सगळ्यांच्या वर तो एकटा शेंडा. त्या शेंड्याने गेल्या आठवड्यात काचघराचं छप्पर फोडलं होतं. ती खाली बाकावर चहा पीत होती, तेवढ्यात वर टक्क आवाज झाला आणि काचेचा एक तुकडा तिच्या बशीशेजारी येऊन पडला. माळी धावत आले, "बाई, लागलं का, लागलं का" म्हणून. तिला काय लागणार! ती उठून उभी राहिली होती आणि तोंड वर करून हसत होती. आपल्या पोराने शाळेच्या भिंतीवरून उडी मारून दाखवावी आणि आईने वरवर रागवावं, तसं तिने "अरे वा रे वा" म्हटलं होतं. इतका शुद्ध, बिनपाण्याचा अभिमान तिला स्वतःबद्दल कधी वाटला नव्हता.

आणि आता हे. वनस्पती बागेचा संचालक तिची वाट बघत बाकावर बसला होता. संचालक म्हणजे तिचाच जुना विद्यार्थी. ती निवृत्त झाल्यावर त्याने तिच्याकडची काचघराची किल्ली परत मागितली नव्हती, आणि तिनेही ती दिली नव्हती. बागेत सगळे त्याला सर म्हणत. ती एकटी त्याला आडव्या म्हणे, पण चारचौघांत नाही. तो उठून उभा राहिला. त्याची उंची बेताची, म्हणून तो तिच्याशी बोलताना नेहमी किंचित वर बघत असे. आज त्याला कमी वर बघावं लागतंय का, हे तिने चोरून तपासलं.

"मॅडम, छपराची माणसं उद्या येणार," तो म्हणाला. "छप्पर उंच करायचा अर्ज परत आला. नाहीच म्हणतात. लोखंड जुनं झालंय, वरून वजन सोसणार नाही."

"मग झाड बाहेर लावा."

"इथल्या थंडीत? तुम्हीच आम्हाला शिकवलंत, एक हिवाळा निघणार नाही म्हणून."

तिनेच शिकवलं होतं.

"दोनच रस्ते आहेत," तो म्हणाला. "शेंडा छाटायचा, नाहीतर अख्खं झाड काढायचं. शेंडा छाटला तर झाड जगेल, हे मी तुम्हाला सांगायला नको. सही माझी लागेल, पण मी तुम्हाला विचारल्याशिवाय करणार नाही. तुम्ही म्हणाल ते."

"बुंध्यापासून काढा," ती म्हणाली.

तो बघतच राहिला. "काय म्हणालात?"

"ऐकू येत नाही का? मुळापासून काढा. ताठ उभं होतं, ताठच जाऊ दे. त्याचं मुंडकं उडवून ते थोटूक इथे शोभेला ठेवायचं नाही. लोक येतील, बघतील, म्हणतील, अरेरे. मला ते अरेरे नको."

"मॅडम, जिवंत झाड आहे हो."

"मला माहीत आहे ते जिवंत आहे. तू मला शिकवू नकोस."

तो दाराकडे वळला. जाताना म्हणाला, "मी संध्याकाळपर्यंत ऑफिसात आहे," आणि काचघराचं दार त्याने इतक्या हळू ओढून घेतलं की त्यापेक्षा आपटलं असतं तर बरं, असं तिला वाटलं.

बाकावर बसून तिने वर पाहिलं. शेंडा फुटक्या काचेच्या भोकातून बाहेर गेला होता आणि त्याचं टोक आभाळात होतं. खालून नीट दिसतही नव्हतं. तिला शाळेत शिडी म्हणायचे. वर्गाच्या फोटोत मागच्या रांगेत, मुलांच्याही मागे, आणि तिथेही गुडघे वाकवून, कारण आत्याने बजावलेलं असायचं. आई लवकर गेली. वाढवलं ते आत्याने, आणि आत्याचं एकच धोरण होतं. "पोक काढून चाल गं जरा. कोण करून घेणार तुला, कंदील लावायला?" रस्त्याने जाताना ती हळूच पोरीची वेणी खाली ओढायची, जणू तेवढ्याने पोर बोटभर उतरेल. बाबा शिंपी होते. स्वतः लांबलचक, दिवसभर मशीनवर वाकलेले, पण उठले की सरळ. दर थोड्या महिन्यांनी तिचा झगा आखूड व्हायचा, आणि आत्या कपाळाला हात लावून म्हणायची, "आणखी वाढली!" त्यावर बाबा तोंडातल्या टाचण्या काढून म्हणायचे, "ती वाढलेली नाही. कापड आखूड पडलंय." मग खालची दुमड उसवायचे. त्यांनी प्रत्येक झग्याला आतून हातभर जास्तीचं कापड दुमडून ठेवलेलं असायचं. पोर वाढणार हे त्यांनी आधीच धरलेलं होतं. ते तिला दुकानाच्या दाराशी उभी करायचे, चौकटीवर खडूने रेघ मारायचे आणि गिऱ्हाइकाला दाखवायचे, "ही बघा, आमची. अजून थांबायचं नाव नाही." गिऱ्हाईक हसायचं. बाबा हसायचे नाहीत. त्यांना खरोखरच अभिमान वाटायचा, आणि तो ते लपवत नसत. पुढे एका बघायला आलेल्या मुलाने चहा पिऊन होताच उभं राहून स्वतःची उंची तिच्या खांद्याशी ताडून पाहिली, तेव्हा बाबा त्याला शांतपणे म्हणाले होते, "तुमचं माप इथे नाही मिळणार." आत्या दोन दिवस जेवली नाही. ती मात्र त्या दिवसापासून जी ताठ झाली ती झालीच. नाकावर माशी बसू दिली नाही तिने. कुणाच्या पुढे मान कलती केली नाही, एका बुटक्या दाराशिवाय.

झाडाच्या घराण्याचंही तसंच, हे ती व्याख्यानात सांगत नसे, पण मनात धरून असे. व्याख्यानात ती दगड दाखवायची. कापून, घासून गुळगुळीत केलेलं दगडी शंकूफळ. हातात घेतलं तर थंड आणि जड, आणि प्रकाशाकडे धरलं तर आत एकेका खवल्यात एकेक बी, कुणी नुकतंच भरून ठेवल्यासारखं. विद्यार्थ्यांना हात लावू द्यायची. हे कूळ सुमारे वीस कोटी वर्षांचं, ती सांगायची. हे आलं तेव्हा जगात एकही फूल उमललेलं नव्हतं. वाऱ्यावर परागकण सोडायचे आणि वाट बघायची, एवढंच ठाऊक. दक्षिणेकडची जमीन एकसंध होती तेव्हापासून हे तिथे उभं आहे. जमिनी फाटल्या, दूर वाहत गेल्या, आणि हे त्या तुकड्यांवर बसून गेलं. एकेकाळी उत्तरेतही रानंच्या रानं होती याची, तिथे आता दगडच उरलेत. लांब मानेचे ते प्रचंड प्राणी याची पानं खात असावेत असा एक अंदाज आहे; अंदाजच, लिहून घेताना 'अंदाज' हा शब्द गाळू नका. खाणारे गेले, पानं आहेत. अजून तितकीच जाड, तितकीच टोकदार. हे सांगताना तिचा आवाज चढायचा, आणि मागच्या बाकावरची पोरं एकमेकांना कोपर मारायची, की मॅडम आता माहेरचं सांगायला लागल्या.

आणि मग ती काडीचं सांगायची. या झाडाची फांदी कापून लावली तर ती जगते, मुळं धरते, हिरवीगार होते, पण उभी राहत नाही. आडवीच वाढते, जमिनीला समांतर, जन्मभर. फांदीला आपण फांदी आहोत हे विसरता येत नाही. उभं झाड हवं तर शेंड्याचीच काडी लागते. दर वर्षी ती हे सांगायची, आणि दर वर्षी वर्गातला कुणीतरी एखाद्या देखण्या फांदीचं टोक कापून कुंडीत लावायचाच, कारण त्या वयात प्रत्येकाला वाटतं की इतरांचं आडवं राहिलं असेल, माझं उभं राहील. काचघराच्या कडेच्या ओट्यावर त्या सगळ्या कुंड्या होत्या. माळी त्यांना लोळणारी मंडळी म्हणत. संचालकाने त्याच्या विद्यार्थीदशेत लावलेली तर इतकी लांब सरकली की शेजारच्या कुंडीत जाऊन टेकली, म्हणून त्याचं नाव आडव्या पडलं. तो ती कुंडी आपल्या आईसाठी घेऊन गेला होता. "आई रोज तिला कुंडी फिरवून उन्हाकडे धरते," तो मध्यंतरी सांगत होता. "काठी बांधलीय, सुतळी बांधलीय. म्हणते, झाड आळशी आहे, पण उठेल." त्या काळी तो शेंड्याची काडी मागायला आला होता, एकदा नाही, अनेकदा. इतर बागांतूनही लोक मागत होते. ती सगळ्यांना एकच उत्तर द्यायची, शेंड्याला हात लावायचा नाही. का, असं कुणी विचारलं की म्हणायची, तो त्याचा शेंडा आहे म्हणून. ते उत्तर तिला पुरेसं वाटायचं.

ऊन सरकून ओट्यावर आलं. लोळणारी मंडळी आपापल्या दिशांना निवांत पसरली होती. तिने चष्मा पुसायला काढला, आणि चष्म्याची पिशवी हातात आली. राखाडी जाड कापडाची, कडेने दुहेरी शिलाई. बाबांच्या हातची. बाबा म्हातारपणी आखडत गेले. पाठीचे मणके एकमेकांवर बसले, डॉक्टर म्हणाले, वय आहे. विजारीचे पाय टाचेखाली लोळायला लागले. घरातल्या सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. चांगला शिंपी, गावभराच्या विजारी बेतलेला माणूस, आणि स्वतःच्या विजारीत अडखळतोय. एकदा उंबऱ्यात पडलेच. आत्या म्हणाली, पलीकडच्या शिंप्याकडून कापून आणू का? बाबांनी तिच्याकडे असं बघितलं की ती स्वयंपाकघरात निघून गेली. त्या दुपारी ती, म्हणजे शिडी, सुट्टीला घरी आलेली, दारातून बघत होती. बाबांनी कपाटातल्या सगळ्या विजारी काढल्या. एकेक मांडीवर घेतली. आपली मोठी कात्री घेतली, आणि कचाकच पाय कापले. हात अजिबात थरथरला नाही. ती पुढे होऊन "बाबा, मी—" म्हणाली, तर ते म्हणाले, "माझ्या मापाला माझीच कात्री. तू बस." मग दुमड घातली, मशीन चालवलं, एक विजार घालून उठले आणि आरशासमोर उभे राहिले. पाय नेमका टाचेवर. मग तिच्याकडे वळून, तिच्या चेहऱ्यावरचं सगळं वाचून म्हणाले, "तोंड कशाला पाडतेस? माप बदललं, मी तोच आहे." आणि उरलेल्या पट्ट्या टाकून देईनात. "एवढं चांगलं कापड," म्हणत त्यांतून ही पिशवी शिवली, तिच्या चष्म्याच्या बरोब्बर मापाची. लोळणाऱ्या विजारी ताठपणाने घालून ते आणखी दहादा पडले असते, आणि एक दिवस उठलेच नसते. हे तिला तेव्हाही कळलं होतं. पण तेव्हा तिची स्वतःची उंची शाबूत होती, त्यामुळे ते तिला बाबांचं दुःख वाटलं. ती बाबांची ऐट होती, हे तिला आत्ता, या बाकावर, पिशवीच्या शिलाईवरून अंगठा फिरवताना कळलं.

ती उठली. झाडाजवळ गेली, आणि बुंध्यावर तळहात ठेवला. खरखरीत, गार. त्या सालीखाली झोपलेले डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, असतात, तिने स्वतःच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले. वरचा शेंडा आहे तोवर ते झोपून राहतात. तो मोडला, वादळाने, विजेने, कुणा लांब मानेच्या प्राण्याने, की ते जागे होतात आणि बुंध्यातून नवा शेंडा सरळ वर निघतो. फांदीसारखा आडवा नाही, सरळ वर. वीस कोटी वर्षांत या घराण्याची किती मुंडकी उडाली असतील! डोकं गेलं म्हणून मरायचं, हे या झाडाला ठाऊकच नव्हतं. ते तिनेच त्याच्या डोक्यात घातलं होतं. "मुळापासून काढा म्हणे," ती झाडाला म्हणाली, "वेडी का काय मी." तिला रडू आलं, थोडंसं, आणि ते तिने येऊ दिलं. मग तोंड धुऊन ती ऑफिसात गेली.

"आडव्या," दारातूनच ती म्हणाली. आत दोन कारकून होते. त्यांनी माना खाली घातल्या. "शेंडा कापायचा. पण छपराची माणसं नाही कापणार. मी कापणार."

"मॅडम, परांचीवर चढायचं आहे," संचालक म्हणाला. "तुमचं वय—"

"माझं माप घेऊ नकोस. शिडी धर फक्त."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चढली. खाली सगळा बागेचा कारभार थांबला होता. माळी, कारकून, छपराची माणसं, सगळे माना वर करून. फुटकी काच आणि तिच्या शेजारच्या दोन काचा काढून टाकल्या होत्या. ती परांचीच्या वरच्या फळीवर उभी राहिली तेव्हा तिचं डोकं छपरातून बाहेर आलं. गार वारा तोंडावर आदळला. गच्च्या, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे, दूरवर एका उंच इमारतीच्या काचेवर चमकणारं ऊन. आणि शेजारी, तिच्या कानाच्या उंचीवर, तो शेंडा. कित्येक वर्षांनी ती पुन्हा त्याच्या बरोबरीने उभी होती. हातभर लांब, कोवळा, फिकट हिरवा, वाऱ्यात हलत होता पण कललेला नव्हता. हेच बघायला तू छप्पर फोडलंस तर, तिने त्याला विचारलं. तिची छाती भरून आली. एवढ्या शहरात हे एकच असं होतं, आणि ते तिने वाढवलं होतं. कुणी विचारलं असतं तर तिने त्या क्षणी छपरावरून ओरडून सांगितलं असतं. खालून संचालक म्हणाला, "मॅडम, ठीक आहे ना?" तिने छाटणीची कात्री काढली. ती शेंड्याच्या तळाशी टेकवली, श्वास घेतला, आणि एका दाबात कापलं. पांढरट चीक आला. कापलेला शेंडा तिने ओल्या फडक्यात गुंडाळला आणि उतरताना एका हातात उभा धरला. एकदाही आडवा होऊ दिला नाही.

खाली कुणीतरी म्हणालं, "अरेरे, केवढं होतं, खुजं झालं."

ती वळली. "छप्पर बुटकं आहे," ती म्हणाली. "झाड नाही."

काडीला मुळं फुटायला फार दिवस लागले. प्लास्टिकच्या आच्छादनाखाली, कोमट वाळूत, ती नुसती हिरवी राहिली. जगतही नव्हती, मरतही नव्हती. ती रोज यायची, आच्छादन उचलून बघायची, आणि संचालक लांबूनच तिच्या पाठीकडे बघून आज काय ते ओळखायचा. हिवाळा गेला. एके दिवशी काडी हलकेच ओढून पाहिली तर ती जागची हलली नाही, तिने वाळू धरून ठेवली होती. मोठ्या झाडाच्या बुंध्यावर, कापलेल्या जागेखाली, दोन हिरवे कोंब निघाले होते. दोन्ही सरळ. आता हे पुन्हा छपरापर्यंत जाणार, पुन्हा शेंडा कापायचा, पुन्हा काडी. मागणाऱ्यांना आता कळवा, ती संचालकाला म्हणाली, ओळीत उभे राहा म्हणावं. पण पहिली काडी कुणाची, ते तिने केव्हाच ठरवलेलं होतं.

ज्या दिवशी त्या काडीची कुंडी न्यायची होती त्या दिवशी संचालकाने कुंड्यांच्या खोलीतून ती स्वतः उचलली. काडीचं दोनेक वर्षांत झाड झालं होतं, हातातल्या कुंडीतून त्याच्या डोक्याच्या वर गेलेलं, सरळसोट, वर नवा कोवळा शेंडा. "आईला काय सांगू?" तो म्हणाला. "ती म्हणेल, बघ, आळशी झाड उठलं शेवटी."

"म्हणू दे. आणि त्या आडव्याची सुतळी सोड म्हणावं. त्याला लोळू दे त्याचं."

दार आलं. ती पुढे होती. मागून तो घाईने म्हणाला, "मॅडम, डोकं सांभाळा—"

ती न वाकता चालत राहिली. मान सरळ, खांदे सरळ. विरळ केस चौकटीला हलकेच लागले, आणि ती बाहेर आली. मग वळून तिने पाहिलं. तो कुंडी घेऊन उंबऱ्याच्या आत अडला होता. शेंडा चौकटीच्या वर जात होता, आणि तो झाड कलतं करायला बघत होता.

"त्याला कशाला?" ती म्हणाली. "तू वाक."

त्याने गुडघे मोडले, कुंडी जवळजवळ जमिनीला टेकवली, आणि झाड उभंच्या उभं दारातून बाहेर आलं.